बायका मिळत नाहीत, आणि बायका काढायच्याही आहेत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे आणि मजकूर आटोपशीर केला आहे.

"घरामागच्या शेडमध्ये आमचं काजू फोडायचं युनिट आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि यजमान बघतो. गावातल्याच बारा बायका येतात. कुणी फोडते, कुणी सोलते, कुणी निवडते. पैसे किलोवर. रोज साधारण चाळीस किलो गर निघतो. घाऊक दर आठशेच्या आसपास मिळतो, तुकडा-पाकळीला दोनशे कमी, आणि शंभर किलोत तीस किलो तरी तुकडा-पाकळीच असते. थोडी पाकिटं जांबोटी रस्त्यावरच्या दुकानांत ठेवतो, तिथे किलोला शंभर जास्त सुटतात. सगळा खर्च जाऊन किलोमागे पासष्ट रुपये हातात येतात. बायका आमच्या घरच्यासारख्या आहेत. अडीनडीला उचल देतो, दिवाळीला साडी देतो.

यातल्या एकीची मुलगी बेळगावला कॉलेजला आहे. शिमग्याला घरी आली तेव्हा तिने किमान वेतनाचा सरकारी कागद आईला वाचून दाखवला. कागद कन्नडमधला. यजमानांनी तो बघितला आणि म्हणाले, कनिष्ठ वेतन म्हणजे शिकाऊ माणसाचं, आपल्या बायका जुन्या आहेत. मी अकाउंटंटला विचारलं. तो म्हणाला, लागू होतं, आणि सरासरीने प्रत्येकीला रोज दीडशे जास्त द्यावे लागतील. तेव्हापासून घरात हाच विषय. यजमान म्हणतात, चौघींना कमी करू आणि आठजणींना नियमाने देऊ. नाहीतर आठवड्याचे चारच दिवस काम ठेवू. नाहीतर आपोआप फोडणारं मशीन घेऊ, त्याचं कोटेशन दिवाळीतच आणून ठेवलंय. कमी करायच्या चौघींत एक मावशी आहे, साठीची, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. आता तिचे हात चालत नाहीत. तसंही हल्ली बायका मिळत नाहीत. बस फुकट झाल्यापासून बेळगावला जातात, रोप लावणीत आणि सुगीत तर निम्म्या येत नाहीत.

माझं माहेर चिकोडीकडचं, ऊसवाल्यांचं. भाऊ ऊस आंदोलनात गुर्लापूरला जाऊन बसला होता, त्यामुळे कष्टाचा दर मागणाऱ्याची बाजू मला कळते. पण सरकार गरिबासाठी दर ठरवतं आणि त्याने गरिबाचंच काम जातं, हे कुणी बोलत नाही. बाराजणींना थोडं थोडं द्यावं की आठजणींना पुरतं? झोप लागत नाही."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मावशीपाशी थांबले, दुसऱ्या वाचनात वेगळ्याच जागी अडखळले. बायका कमी कराव्या लागतील असं तुम्ही लिहिता आणि चार ओळींनी लिहिता की बायका मिळत नाहीत. ज्याच्या रानात रोप लावायला माणूस पुरत नाही, तो बांधावर आलेल्या माणसाला परत पाठवत नाही. मग तुमच्या पत्रात ही दोन वाक्यं शेजारी शेजारी कशी नांदतात? बरंचसं उत्तर त्या शेजारातच आहे. पण आधी तो कागद उरकून घेऊ.

कन्नडमधलं 'कनिष्ठ वेतन' म्हणजे आपलं किमान वेतन. मराठीत कनिष्ठ म्हटलं की धाकटा, हाताखालचा, नवशिका. यजमानांना हसू नका, मीही पहिल्यांदा तसंच वाचलं होतं. तिथल्या कनिष्ठचा अर्थ 'याच्या खाली नाही' एवढाच. मग बाई कालची असो की वीस वर्षांची. किलोवर काम दिलं म्हणूनही सुटका नाही. १९४८ च्या कायद्यात होतं तसंच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे: किलोचा हिशेब काही निघो, दिवसभर काम केलेल्या माणसाच्या हातात दिवसाचा किमान दर पडलाच पाहिजे. पूर्वी सरकारच्या यादीतल्या धंद्यांनाच किमान वेतन लागू व्हायचं, आता यादी बघायची गरजही राहिली नाही.

कुणी तुम्हाला सांगितलं असेल (सांगणारे असतात) की बायकांकडून 'आम्ही राजीखुशीने कमी घेतो' असं लिहून घ्या, तर तो कागद करू नका. कायद्यापुढे त्याला काडीची किंमत नाही. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, तिथल्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगून टाकलं की किमान वेतनाहून कमी पैशांत जो राबतो तो आपखुशीने राबत नाही, पोट त्याला राबवतं, आणि ही घटनेच्या २३ व्या कलमात मनाई केलेली सक्तीची मजुरीच आहे.

तुम्ही वेठबिगार ठेवता असं मला म्हणायचं नाही. साडी दिसते, उचल दिसते, झोप न लागणंही दिसतं. फक्त 'घरच्यासारख्या' हा शब्द एकदा उलटून बघा. घरच्या माणसाला आपण वाटा देतो, या बारा बायकांना किलोवर पैसे देतो. आणि उचल घेतलेली बाई ती फिटेपर्यंत दुसऱ्या कामाला जात नाही, हाही उचलीचा एक उपयोग असतो. तुमच्या मनात तसं नसेल, पण तिच्या मनात असतं.

तेव्हा 'बाराजणींना थोडं थोडं' हा रस्ता तुमच्यासाठी मोकळाच नाही. पुरतं द्यायचं हे ठरलेलं आहे. आता विचारायचं एवढंच की त्यासाठी चार जायलाच हव्यात का.

हे कुणी बोलत नाही, असं तुम्ही म्हणता. उलट अर्थशास्त्रवाले यावर पिढ्यान् पिढ्या भांडताहेत. त्यातलं एक भांडण आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन राज्यं शेजारी. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला, पेनसिल्व्हेनियाने होता तोच ठेवला. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी सीमेच्या दोन्ही अंगांची बर्गर वगैरे विकणारी ४१० दुकानं धरली आणि वाढीच्या आधी नि नंतर कामाला किती माणसं आहेत ते विचारलं. रूढ समजुतीप्रमाणे न्यू जर्सीत माणसं घटायला हवी होती. घटली नाहीत. १९९४ साली हे छापून आलं आणि धुरळा उडाला. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या जोडीने दुकानांचे पगारपट काढून उलटा निष्कर्ष मांडला. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं (क्रूगर २०१९ मध्येच गेले होते). महाराष्ट्रातल्या शिनोळीहून बेळगावला रोज कामाला येणाऱ्यांना हा प्रयोग समजावून सांगायला नको. बोली एक, बाजार एक, मधे राज्याची रेघ आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन सरकारांचे दोन दर. सीमेचा असाही उपयोग होतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माणसं का घटली नाहीत, याचं एक उत्तर तुमच्या माहेरात आहे. ऊस तोडला की थांबत नाही, जवळच्या कारखान्याला घालावाच लागतो. घेणारा एक, घालणारे हजार. असा बाजार घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडला तर काय होतं हे ऊसवाल्याला माहीत आहे, म्हणून केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवतं, आणि तीही पुरेना म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात तुमचा भाऊ गुर्लापूर क्रॉसवर बसला. मागणी टनाला साडेतीन हजारांची होती, ३,३०० वर मिटलं. कारखानदार परवडत नाही म्हणालेच. तुमच्या भावाने ते ऐकून घेतलं का?

तुमच्या गावात काजू फोडायला देणारं शेड एक. सकाळची भाकरी करून निघालेली आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं असलेली बाई कुठे जाणार? ती त्या तोडलेल्या उसासारखीच. आणि तुम्ही तिच्यासाठी कारखाना.

आता त्या दोन वाक्यांकडे येऊ. तेरावी बाई तुम्हाला हवी आहे. ती येत नाही, कारण तुमच्या दरात तिला परवडत नाही. तिच्यासाठी किलोमागे चार पैसे वाढवाल तर आधीच्या बाराजणी गप्प बसणार नाहीत, त्यांनाही वाढवावे लागतील. म्हणजे एक बाई वाढवायला तेराजणींची वाढ. त्यापेक्षा मालक तेरावीचा नाद सोडतो आणि पारावर बसून म्हणतो, हल्ली बायका मिळत नाहीत. मिळतात ताई, त्या दराला मिळत नाहीत. दर सगळ्यांना एकदम वाढवायची सक्तीच झाली की तेरावीला अडवून धरायचं हे कारण संपतं. त्यामुळे अशा एकाच शेडच्या गावात किमान वेतन वाढल्यावर कामावरच्या बायका वाढल्यासुद्धा, असं होऊ शकतं.

यात सरकारने अजून एक गंमत केली आहे. ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली आणि तुमच्या शेडचं एकटेपण त्या दिवशी संपलं. आधी बेळगावच्या कापड दुकानात कामाला जायचं तर रोजाचा चौथा हिस्सा तिकिटात जाईल म्हणून बाई गावात थांबायची. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार यायला लागले, म्हणजे मिळेल त्या दराला हो म्हणायची घाईही कमी झाली. तुम्हाला हे बायकांचं माजणं वाटत असेल. मला ते ऊसवाल्याला दुसरा कारखाना मिळण्यासारखं वाटतं.

इथे थांबले तर मात्र मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल, कारण काजूच्या धंद्यात वेगळीही गोष्ट घडली आहे. केरळातलं कोल्लम हे काजूचं मोठं ठाणं. तिथे वेतन वाढत गेलं तसे बऱ्याच मालकांनी कारखाने तामिळनाडूत हलवले, आणि २०१५ नंतर तर शेकड्यांनी कारखाने बंद पडले. बंद पडलेल्यांत कामाला होत्या त्या बहुतेक बायकाच. मालक वेतनाकडे बोट दाखवतात. त्याच काळात कच्च्या बीवर आयात शुल्क आलं, बँकांची कर्जं थकली, व्हिएतनामचा मशीनवर फोडलेला गर बाजारात उतरला, हेही खरं. पण वेतनाचा त्यात काहीच हात नव्हता असं मी म्हणणार नाही. हंगेरीने २००१-०२ च्या सुमाराला किमान वेतन जवळजवळ दुप्पट केलं. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की वाढीच्या रुपयातले बारा आणे गिऱ्हाइकाने महाग वस्तू घेऊन भरले आणि चार आणे मालकाच्या नफ्यातून गेले. कामं थोडी गेली, पण ज्यांचा माल परदेशी मालाशी टक्कर देत होता तिथे जास्त गेली. खानापूर स्टँडवरच्या चहावाल्याला व्हिएतनामची भीती नाही. तुमच्या घाऊक गराला आहे, पाकिटातल्या गराला कमी आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वही-पेन घ्या आणि यजमानांना शेजारी बसवा.

बाराजणींना रोज दीडशे म्हणजे १,८०० रुपये. चाळीस किलोवर वाटले तर किलोमागे ४५. तुम्हाला सुटतात ६५. काहीच न बदलता दिले तर उरतात २०. यजमानांनी हात डोक्याला लावला तर नवल नाही. आता त्यांचाच उपाय लावून बघू. चौघींना काढलं. गर किती निघेल? आठजणींचा, सव्वीस-सत्तावीस किलो. किलोमागचा वाढीव खर्च किती? तोच, ४५. सगळ्या सारख्याच हाताच्या धरल्या (मावशीचं पुढे बोलू), तर चौघी गेल्याने किलोवरचा भार पैशानेही हलका होत नाही, नुसते किलो कमी होतात. वर शेडची वीज आणि बँकेचा हप्ता कमी किलोंवर बसतो. मग कशातून काय वाचलं?

चार दिवसांच्या आठवड्याचंही तेच. शिवाय ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतच सिअ‍ॅटल शहरात २०१६ साली दर १३ डॉलरवर गेला तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांना कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटलेले दिसले. बर्कलेच्या अभ्यासकांनी त्याच शहरातली हॉटेलं-खानावळी पाहिल्या, त्यांना कामं गेलेली दिसली नाहीत. दोघांत खरं कोण, हे आपण सोडवायला नको. पण तुमच्याकडच्या बायकांना आता बेळगावची बस आहे. चारच दिवस बोलावलेली बाई पाचव्या दिवशी त्या बसमध्ये बसते आणि सहाव्या दिवशी परत येत नाही.

मग ४५ रुपये कुठून काढायचे? पहिला हात तुकड्याला घाला. शंभरात तीस किलो तुकडा-पाकळी निघते, कारण तुम्ही पैसे किलोवर देता. जी भराभर हाणते तिला जास्त मिळतात, आणि भराभर हाणताना गर तुटतो. बायकांचा दोष नाही, तुमच्या दरानेच त्यांना ते शिकवलं. दिवसाचा दर पक्का करा आणि वरचे पैसे फक्त अख्ख्या गरावर ठेवा. तीसचे बावीस झाले तर शंभर किलोत आठ किलोला दोनशे जास्त मिळतील, म्हणजे १,६०० रुपये, किलोमागे १६. रोज नवी बाई शिकवावी लागत नाही तेव्हाच हे जमतं, आणि बाई टिकली तरच रोज नवी शिकवावी लागत नाही. पगार वाढवून मालकाला काय मिळतं, तर हे.

दुसरा हात पाकिटांना. जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्यांचं गिऱ्हाईक व्हिएतनामचा दर विचारत नाही. रोज पाच किलो माल घाऊकातून काढून पाकिटांत घातला तर ५०० रुपये, म्हणजे किलोमागे साडेबारा. पाकिटावर गावाचं नाव घाला, लोकांना आवडतं.

उरले साडेसोळा. चाळीस किलोंचे रोज ६६० रुपये, पंचवीस दिवसांचे साडेसोळा हजार. हे तुमच्या खिशातून जाणार आणि गोड बोलून मला ते नाहीसे करता येणार नाहीत. त्यातले चारेक हजार मात्र परत येऊ शकतात: ज्या दिवशी सहाच बायका येतात त्या दिवशी वीस किलो गर बुडतो, आणि किलोला आता ४८ च सुटतात असं धरलं तरी तो साडेनऊशेचा खड्डा आहे. महिन्यात असे चार दिवस वाचवलेत की झालं. बाकीचा बाराएक हजारांचा भार तुमचा. नफा कमी होणार, ताई. धंदा बुडणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या घरात मला वाटतं या दोन्हींना एकच नाव पडलं आहे.

मशीनबद्दल थोडंच. पत्रात तुम्हीच लिहिलंय की कोटेशन दिवाळीत आणलं. मुलीने कागद वाचला शिमग्याला. म्हणजे मशीन किमान वेतनाच्या आधीपासून यजमानांच्या मनात आहे, वेतन हे मागाहून सापडलेलं निमित्त. मशीन घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण आकार न निवडता बी घातली तर आपोआप फोडणारी मशीनं गर जास्त तोडतात, आणि एवढं मोठं पोट भरायला तुमच्याकडे बी आहे का, ते आधी बघा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेताहेत का, ते बँकेत विचारा. घ्यायचंच तर आधी सोलायचं मशीन किंवा चांगला ड्रायर घ्या. त्याने बायकांचे हात वाचतील आणि बायकाही राहतील.

आता मावशी.

हिच्या बाबतीत तुमची भीती खरी आहे, आणि किमान वेतनावर बोलणारे बरेच लोक इथे घाईने पुढे जातात. किलोवर पैसे होते तोवर मावशी सावकाश फोडायची, कमी न्यायची, कुणाचंच काही बिघडत नव्हतं. आता तिलाही दिवसाचा पूर्ण दर द्यायचा म्हटल्यावर सगळ्यात मोठा फरक तिच्याच नावापुढे निघतो. चपळ बाईला पन्नास वाढवावे लागतील, तर मावशीला अडीचशे. दर वाढला की पहिली नजर जाते ती म्हातारीवर, अधू माणसावर, नव्यावर. कायद्याने ही नजर निर्माण केली, असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

पण मावशीचे हात चालत नाहीत म्हणजे नेमके कुठे चालत नाहीत? फोडायला. टरफलातलं तेल खाऊन बोटं गेली असतील, आणि ती तुमच्याच शेडमध्ये गेली. डोळा शाबूत असेल तर तिला निवडायला बसवा. अख्खा, पाकळी, तुकडा, पांढरा, करपलेला हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि तीसचे बावीस करायचे तर बी कशी धरायची, घाव कुठे बसला की गर अख्खा सुटतो, हे नव्या बायकांना शिकवणारं कुणीतरी लागणार. त्या कामाची माणसं बाहेर पगार घेतात. तिला स्वतःलाच अर्धा दिवस यायचं असेल तर अर्ध्या दिवसाचा हिशेब करता येतो, मात्र ते तिच्या तोंडून आलं पाहिजे, तुम्ही तिच्या तोंडात घातलेलं नको. एवढं करूनही तिचं काम दराला पुरत नसेल, तर वरचा फरक तुम्ही सासऱ्यांच्या वेळेपासूनचं देणं समजून द्याल की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. मी दिला असता. माझी आजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती. तिथल्या बायका दरासाठी उठल्या तेव्हा त्यांनाही वखारी बंद पडतील असंच सांगायचे, आणि आजीच्या हाताला म्हातारपणीही तो वास होता. त्यामुळे या बाबतीत मी पंच म्हणून बसायच्या लायकीची नाही.

करायचं काय, तर आधी चालू दर नीट माहीत करून घ्या. मी तो इथे छापत नाही, कारण महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो आणि जुन्या अंकाचं कात्रण खिशात ठेवून भांडणारे लोक मी पाहिले आहेत. बेळगावच्या लेबर ऑफिसात चालू वर्षाचा कागद मागा आणि आपलं गाव कुठल्या विभागात येतं ते त्यांच्याकडूनच खूण करून घ्या. शहराचा आणि खेड्याचा दर वेगळा असतो. कर्नाटक सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मोठ्या वाढीचा एक मसुदा काढला होता, त्याचे आकडे अजून मोबाइलवर फिरतात. मसुदा वेगळा, लागू झालेला आदेश वेगळा. दहाच्या वर माणसं आहेत म्हणून ईएसआयचंही (कामगारांच्या आरोग्य विम्याचं) त्याच फेरीत विचारून घ्या. हजेरीची वही आजपासून खरी ठेवा. सहीला पूर्ण रक्कम आणि हातात कमी, असली वही ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला परत चहाला बोलावू नका. आणि वाढ एकदम द्या. हप्त्याहप्त्याने देण्यात हिशेबाची सोय असेल, पण मधल्या महिन्यांची थकबाकी तुमच्याच नावावर साठत जाते.

हे सदर शेडच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याही वाचतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. बायांनो, एक छोटी वही करा. तारीख, किती वाजता आलात, किती वाजता गेलात, किती किलो, किती पैसे. मराठीत लिहिलेली चालते. कमी मिळालेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी सहाच महिने होते. फरकाशिवाय दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद आहे. पण एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा, आणि आधी मालकिणीशी बोला. मालकीण रात्री जागी असते, हे तुम्ही आत्ता वाचलंतच. महाराष्ट्राच्या हद्दीत कामाला जात असाल तर दर तिकडचा लागतो, राहता कुठे याच्याशी त्याचा संबंध नाही.

ताई, बाराजणींना एकत्र बसवून सांगायचा दिवस ठरवाल तेव्हा यजमानांनी बोलू नये असं मला वाटतं, तुम्हीही नको. त्या मुलीला बोलवा. तिला तो कन्नड कागद सगळ्यांसमोर वाचू दे आणि मराठीत सांगू दे. तिच्यावर राग धरून आहात का, ते पत्रात नाही. असलात तर त्या दिवशी तिच्या हातात चहाचा कप तुम्ही द्या. पुढच्या एप्रिलला नवा कागद येईल तेव्हा पुन्हा तीच लागेल. त्या दिवसांत कॉलेजच्या परीक्षा असतात, तेव्हा तिची तारीख आधी विचारून ठेवा.